जुन्या गाडीतलं उंदराचं घरटं आणि तो वास

पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी उघडली आणि नाकात उग्र दर्प शिरला, तर आधी एसी लावायचा मोह आवरा. ब्लोअर सुरू झाला की लेंड्यांची धूळ थेट तोंडावर येते. चारही दारं उघडी टाकून अर्धा तास लांब उभे राहा.

मग हातमोजे आणि मास्क. घरटं झाडूने किंवा व्हॅक्यूमने कोरडं ओढू नका, धूळ उडते. शिवाय उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो, हे मुंबईकरांना सांगायला नको. 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी फवारा, 5 मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. सीटच्या कापडावर मात्र ब्लीच नको, रंग उडतो. तिथे साधं जंतुनाशक वापरा.

एवढं करूनही वास राहिला, तर बहुतेक वेळा गुन्हेगार डॅशबोर्डच्या खणामागचा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, असतो. तो धुवत बसू नका, नवाच घाला. ब्लोअरच्या पंख्यातही चिंध्या सापडतात. कार्पेट उचलून खालचा फोम बघा. मूत मुरलं असेल तर फोम बदलणंच बरं. उरलेल्या वासाला खाण्याचा सोडा रात्रभर पसरून ठेवा. अत्तराच्या बाटल्या लटकवल्या तर दोन वास होतात, एवढंच.

गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून वायरी तपासा. कुरतडलेली वायर शॉर्ट होते. करंगळीएवढ्या भोकातूनही पिल्लू आत शिरतं, म्हणून भोकांवर बारीक जाळी ठोका. आणि सीटखालचे ते शेंगदाणे काढा आधी!