गोव्यातल्या कॉलेजात मानधनाची गावकाम फेलोशिप कशी सुरू करावी

गावकाम फेलोशिप म्हणजे विद्यार्थ्यांनी गावात जाऊन लोकांच्या अडचणींवर काम करायचं आणि त्याचं मानधन घ्यायचं. ती सुरू करताना आधी पैशांचा हिशेब मांडा, कामाचा आराखडा नंतर. हा क्रम उलटा झाला की ज्यांच्यासाठी फेलोशिप काढली तीच मुलं दुसऱ्या महिन्यात गळतात. सांगे, सत्तरी, काणकोण, धारबांदोड्यातून येणारी, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली कितीतरी मुलं सुट्टीच्या दिवशी कामाला जातात. त्या दिवसाची मजुरी सोडून त्यांनी फुकट काम करावं, ही अपेक्षाच अन्यायाची. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) स्वयंसेवेवर चालते. तिचे वर्षाचे 120 तास वेगळे ठेवा, तेच तास दोन्हीकडे दाखवू नका.

आठवड्याला 8 तास, असे 15 आठवडे धरा. म्हणजे 120 तास. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत इंटर्नशिपच्या 4 क्रेडिटना एवढेच तास लागतात, म्हणून क्रेडिटसाठी विभागप्रमुखांशी सुरुवातीलाच बोलून घ्या. मानधन मिळतं म्हणून क्रेडिट नाकारण्याचं कारण नाही. 8 तासांपैकी 5 गावात, दीड प्रवासात, एक नोंदवहीला आणि अर्धा मार्गदर्शकासोबतच्या बैठकीला. प्रवासाचा वेळ तासांत धरायलाच हवा. नाहीतर सर्वांत लांब राहणाऱ्याला सर्वांत कमी दर पडतो.

दर ठरवताना सरकारने जाहीर केलेलं अकुशल कामाचं रोजचं किमान वेतन घ्या, 8 ने भागा, आणि त्याखाली जाऊ नका. उदाहरणादाखल तासाला 80 रुपये धरले तर एकाचे 9,600 होतात. त्याचे चार हप्ते करा, प्रत्येकी 2,400. पहिला हप्ता पहिल्याच आठवड्यात द्या, कारण बसभाडं आणि मोबाइलचा रिचार्ज काम सुरू होण्याआधी लागतो. भाडं मानधनातून कापू नका. दहा जणांना पुरतील एवढे पैसे नसतील तर सहा जण घ्या, पण दर कमी करू नका.

पैसे अडकतात ते बहुतेक बँकेत. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं 18 वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून बदलून घ्यावं लागतं. दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं. निवड होताच प्रत्येकाच्या खात्यात 1 रुपया पाठवून पाहा. मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची 2.5 लाखांची मर्यादा आहे. मानधन त्यात धरलं जातं का, हे शिष्यवृत्तीच्या कार्यालयातून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर थांबू नका.

निवडीला गुणपत्रिका लावू नका. फक्त जातीच्या दाखल्यावरही थांबू नका. गावडा, कुणबी, वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातींत आहेत, धनगर नाहीत. स्थलांतरित मजुरांच्या मुलांकडे तर 15 वर्षांचा रहिवासी दाखलाही नसतो. अर्ज एका पानाचा, मराठी, कोंकणी किंवा इंग्रजीत, आणि दोनच प्रश्न: घरची जबाबदारी काय आहे, आणि गावातली कुठली अडचण तुम्हाला जवळून माहीत आहे.

काम खरं असावं. फोटोपुरती साफसफाई किंवा संस्थेच्या झेरॉक्स काढणं म्हणजे फेलोशिप नव्हे. गोव्यात हाताशी असलेलं मोलाचं काम म्हणजे वनहक्काचे दावे, म्हणजे वनजमिनीवर राहणाऱ्या-कसणाऱ्यांनी त्या जमिनीच्या हक्कासाठी केलेले अर्ज. कायदा 2006 चा आहे. वैयक्तिक दाव्याला नमुना अ भरावा लागतो, जमिनीवरचा ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असावा लागतो आणि एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. मतदार ओळखपत्र किंवा घरपट्टीची पावती हा एक प्रकार. जुनी विहीर, पडक्या घराचा चौथरा किंवा वाड्यावरच्या (वस्तीतल्या) वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन हा दुसरा. निवेदन दावेदाराचं स्वतःचं चालत नाही. फेलोने, म्हणजे निवडलेल्या विद्यार्थ्याने, प्रत्येक घराची पुराव्यांची यादी करावी, काय कमी आहे ते लिहावं आणि ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीच्या पाहणीचा दिवस घराघरांत कळवावा. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. ही तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावरच लिहावी.

दोन गोष्टींना सक्त मनाई: मूळ कागद घरी नेणं, आणि ‘तुमचं काम होणारच’ असं सांगणं. कागदाचा तिथेच फोटो घ्यावा आणि मूळ प्रत मालकाच्या हाती परत द्यावी.

स्वतःच्याच वाड्यावर नेमलं तर बोली जुळते, पण जमिनीचा तंटा घरापर्यंत येतो. शेजारची पंचायत बरी. शक्यतो दोघांना एकत्र पाठवा. वेळ परतीच्या शेवटच्या बसवरून ठरवा, सभेच्या सोयीवरून नाही. ग्रामसभा बहुधा रविवारी असतात, त्यामुळे तो दिवस 8 तासांतच मोजा.

वेळापत्रकात चवथीचे दिवस रिकामे सोडा, परीक्षेआधीचे तीन आठवडेही. मार्च ते मे काजूचा हंगाम असतो. सत्तरीतल्या मुलांना तेव्हा बागेत जावंच लागतं, म्हणून दुसऱ्या सत्राचं गावकाम फेब्रुवारीअखेर आटोपेल अशा बेताने डिसेंबरपासून तास वाढवून घ्या.

शेवटचा हप्ता अहवालाशी बांधलात तर अहवाल दोन पानांचा असू द्या, मराठी किंवा कोंकणीत, आणि त्याची प्रत त्या वाड्यावर द्या. प्रमाणपत्रावर ‘सहभाग’ एवढंच न छापता तास, गाव आणि केलेलं काम लिहा: किती दावे तपासले, किती निवेदनं लिहून घेतली. पुढच्या अर्जाच्या वेळी त्याच ओळी कामाला येतात.