जुन्या जीपमध्ये मोठं डिझेल इंजिन कसं बसवावं

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात महिंद्राच्या जुन्या जीप अजून रोजच्या कामाला आहेत. पावसाळ्यात लाल चिखलातून शेतापर्यंत पोचायचं तर फोर-व्हील ड्राइव्हला पर्याय नाही. त्यातल्या एमएम ५४० या मॉडेलमधलं २११२ सीसीचं प्युजो (फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचं) इंजिन मात्र भरल्या गाडीनिशी चोर्ल्याच्या चढाला दमतं. मग कुणीतरी सुचवतं, "अडीच लिटरचं घाल की." सल्ला चुकीचा नाही. पण इंजिन आत ठेवणं हा कामाचा लहान भाग. त्या इंजिनाची ताकद, वजन आणि उष्णता झेलणारी गाडी तयार करणं हे खरं काम, आणि पैसे व वेळ तिथंच लागतो.

आधी आरटीओ, मग गॅरेज

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाहून आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. निकामी इंजिनाच्या जागी त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन घालायला आरटीओची पूर्वपरवानगी मिळू शकते. क्षमता वाढणार असेल तर नकार येण्याची शक्यता बरीच, म्हणून इंजिन विकत घेण्याआधी अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या.

सीमाभागात आणखी एक गाठ असते. अर्ज गाडी जिथं नोंदलेली आहे तिथंच करायचा: बेळगावची केए २२, चिक्कोडीची केए २३, बैलहोंगलची केए २४, गोकाकची केए ४९. पाहुण्यांकडून आलेली एमएच ०९ ची जीप इकडे बारा महिन्यांहून जास्त ठेवणार असाल, तर कोल्हापूरची एनओसी आणून तिला कर्नाटकचा नंबर आधी घ्या, इंजिनाचं मग बघू.

परवानगी नाकारली तर माझं स्पष्ट मत आहे: जुनंच इंजिन बोअर करून, पंप-नोझल कॅलिब्रेट करून घ्या. नीट ओव्हरहॉल झालेलं प्युजो थकलेल्या अडीच लिटरपेक्षा चांगलं ओढतं. खासगी रानात, रस्त्यावर न येता राबणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

इंजिन निवडताना

एमएम ५४० साठी दोन वाटा सोयीच्या. एक, प्युजोचंच २४९८ सीसीचं एक्सडी३पी. दुसरी, महिंद्राचं २५२३ सीसीचं एमडीआय. हे डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं आहे, खडखडतं जास्त, पण खालच्या आरपीएमला दम चांगला आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. चिखलात आणि घाटात चालवायला मी एमडीआय घेईन. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनाच्या मोहात पहिल्या वेळी पडू नका. त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल, इमोबिलायझर हे सगळं एकाच गाडीचं लागतं. एक वायर चुकली तर गाडी रानात उभी राहते.

इंजिन भंगारातून घेत असाल तर पक्कं बिल आणि इंजिन नंबर जुळणारी कागदपत्रं हवीतच. चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. थंड असताना सुरू करायला सांगा, कारण गरम इंजिन दोष लपवतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर कॉम्प्रेशन, नोझल किंवा हेड गॅसकेट बघावं लागेल. ऑइलचं झाकण काढून हात धरा. जोराचा फुसका येत असेल तर रिंगा गेल्यात. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा थोडा कमी असला तरी चालतो, पण चौघांत मोठी तफावत नको. शेवटी क्रँकची पुली पुढं-मागं ओढून बघा. जाणवण्याइतकी खेळी असेल तर ते इंजिन सोडून द्या.

काढण्याआधी मोजा

जुनं इंजिन जागेवर असताना फोटो काढा आणि मापं कागदावर लिहा: फॅनपासून रेडिएटरचं अंतर, चेंबरपासून (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यापासून) पुढच्या अ‍ॅक्सलचं अंतर, गिअर लिव्हरची जागा, दोन्ही प्रोपेलर शाफ्टची (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांची) लांबी. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) जिथं आहेत तिथंच राहतील अशी आखणी करा. ते इंचभरही सरकले तर दोन्ही शाफ्ट कापून बॅलन्स करावे लागतात.

मग बॅटरीची वायर, पाणी, डिझेलच्या नळ्या, सायलेन्सर, केबल या क्रमानं सोडा आणि चेन-पुली लावून इंजिन उचला. टांगलेल्या इंजिनाखाली हात घालू नका, साखळीवर कितीही भरवसा असला तरी.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणं

इथं घाई केली तर सगळं वाया. दोघांची बोल्टची मापं जुळत असतील तर उत्तम. नसतील तर अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते, आणि आपलं भाग्य असं की बेळगावात उद्यमबागेत अचूक मशिनिंग करणारे कारखाने आहेत. प्लेट गॅस कटरनं कापून फाइलनं घासलेली नको. बेल हाउसिंग (क्लचवरचं, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कवच) बसवल्यावर फ्लायव्हीलवर डायल गेज लावून एक पूर्ण फेरा द्या. काट्याचा एकूण फरक पाव मिलीमीटरच्या आत यायला हवा. त्याहून जास्त असेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट सतत वाकड्या ओढीत फिरतो. पायलट बेअरिंग, क्लच प्लेट, मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग असं एकेक जातं, आणि दोष मात्र गिअरबॉक्सवर येतो.

पायलट बेअरिंग नवीनच घाला. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट मोठ्या इंजिनाच्या, पण प्लेटच्या मधल्या भागाच्या खाचा (स्प्लाइन) तुमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळणाऱ्या हव्यात. चार गिअरचा जुना बॉक्स आवाज करत असेल तर ही संधी साधून पाच गिअरचा बीए-१० घालण्याचा विचार करा. मग शाफ्टच्या लांबीचं काम मात्र येणारच.

इंजिन धरणारं माउंटिंग आधी टॅक वेल्ड (ठिपक्यांपुरती कच्ची वेल्डिंग) करा. जॅकनं पुढचा अ‍ॅक्सल पूर्ण वर दाबून बघा. चेंबर आणि डिफरन्शिअल एकमेकांना लागत नसतील तरच पक्की वेल्डिंग. माउंटला रबर नवीनच हवं. इंजिन जास्त वजनाचं असेल तर पुढच्या पाट्यांत एक पाटा वाढवा.

थंड ठेवणं

घाटात मोठं इंजिन मरतं ते बहुतेक वेळा उष्णतेनं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी हळू चढते, समोरून वारा येत नाही, सगळा भार फॅनवर. रेडिएटर नव्या इंजिनाच्या मापाचा, चार ओळींचा घ्या. फॅनभोवती श्राउड (हवा वळवणारं कडं) हवाच, तो नसेल तर फॅन तीच गरम हवा घुमवत राहतो. थर्मोस्टॅट काढून टाकायची गॅरेजवाल्यांची सवय मोडा. त्यानं इंजिन नीट तापत नाही, ऑइल घाण होतं. कूलंट आणि स्वच्छ पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका. आणि चालू स्थितीतला तापमानाचा काटा हा या गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

हवा, डिझेल, वीज, ब्रेक

हवेची नळी बॉनेटच्या वरच्या भागातून घ्या, पाण्यात उतरत असाल तर स्नॉर्केल (हवा उंचावरून घेणारी नळी) लावा. डिझेलचं कॉम्प्रेशन इतकं जास्त असतं की सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाणी वेगळं करणारा डिझेल फिल्टर लावा, टाकी धुऊन घ्या, रिटर्न लाइन विसरू नका. स्टार्टरला जाड वायर आणि इंजिन ते चासी चांगली अर्थिंग पट्टी.

ब्रेकला बूस्टर असेल तर नव्या इंजिनाच्या अल्टरनेटरवर व्हॅक्यूम पंप आहे का बघा. डिझेल इंजिन स्वतःहून व्हॅक्यूम देत नाही. जिप्सीसारख्या पेट्रोल गाडीत डिझेल घालणारे हे हमखास विसरतात आणि ब्रेक दगड होतो. वेग वाढणार आहे, तेव्हा लायनर, ड्रम आणि सिलिंडर आत्ताच नवे करा.

क्राऊन-पिनियन

क्राऊन-पिनियन म्हणजे अ‍ॅक्सलमधली मोठी-लहान दातेरी जोडी. हिशोब सोपा आहे. क्राऊनचे ४३ दात आणि पिनियनचे ८ असतील तर गुणोत्तर ५.३८. टायरचा एक फेरा साधारण २.३ मीटर धरला, तर टॉप गिअरला ३००० आरपीएमवर गाडी ताशी ७७ किलोमीटर धावते. ४७ आणि ११ दात, म्हणजे ४.२७ चं गुणोत्तर असेल तर त्याच आरपीएमवर ९७. नव्या ताकदीला लांब गुणोत्तर मानवतं, हायवेवर इंजिन ओरडत नाही. पण बदललं तर पुढचं आणि मागचं दोन्ही सारखंच हवं. एकच बदललं आणि फोर-व्हील लावलं तर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस तुटते.

पहिली सुरुवात

डिझेलच्या नळ्यांमधली एअर काढा. मग पंपाचा स्टॉप ओढून धरून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, ऑइल प्रेशर दाखवेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. त्यानंतरच सुरू करा. इंजिन बेफाम पळालं तर हवेची वाट बंद करायला पक्की फळी हाताशी ठेवा. हातानं ती बंद करू नका.

पहिले काही दिवस सपाटीवर चालवा. नंतर रिकाम्या गाडीनं घाट, आणि शेवटी भरलेली गाडी. ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला आणि बेल हाउसिंग, माउंट व शाफ्टचे बोल्ट परत आवळा. स्मोक टेस्ट करून पीयूसी घ्या; बीएस ४ च्या आधीच्या डिझेलला मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आहे, त्याहून काळा धूर असेल तर पंपाचं डिझेल कमी करा. मग गाडी आरटीओला दाखवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या आणि त्याची प्रत विमा कंपनीला द्या. जुना नंबर पॉलिसीवर तसाच राहिला तर अपघाताचा क्लेम अडकतो.