खाल्लेलं अंगी लागावं आणि उरलेलं वेळेवर बाहेर पडावं म्हणून

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी, ९ आलं, की घरात पालक, बीट आणि गूळ-शेंगदाण्यांचा मारा सुरू होतो. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा जिथल्या तिथे. अशा वेळी खाणं आणखी वाढवण्याआधी कशाबरोबर काय आणि केव्हा खाल्लं जातं ते पाहावं. पचणं आणि शोषलं जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. आतड्याची भिंत ओलांडून रक्तात किंवा लसिकेत (स्निग्ध पदार्थ वाहून नेणाऱ्या द्रवात) उतरेपर्यंत अन्न पोटात असलं तरी शरीराला मिळालेलं नसतं.

ही भिंत ओलांडण्याचं जवळजवळ सगळं काम लहान आतड्यात होतं. त्याची लांबी साधारण ६ मीटर. आतल्या बाजूला अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य उंचवटे असल्यामुळे भिंत मखमलीसारखी दिसते आणि शोषणाला जागा कितीतरी पटींनी वाढते. मात्र सगळं सगळीकडे शोषलं जात नाही. लोह मुख्यतः जठराला लागून असलेल्या पहिल्या भागात, साखर, प्रथिनांचे घटक आणि स्निग्ध पदार्थ मधल्या भागात, आणि बी-१२ अगदी शेवटच्या टोकाला. लोहाचा टप्पा आखूड आहे. तिथून जाताना ते विरघळलेल्या रूपात नसेल तर संधी गेली.

लोह: खरी मेख इथे आहे

भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह सहज विरघळत नाही, त्यामुळे त्याचा बहुधा दहा टक्क्यांहून कमी भाग रक्तात पोचतो. २०२०च्या भारतीय शिफारशींत पुरुषांसाठी रोज १९ मिलिग्रॅम आणि बायकांसाठी २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. हे आकडे मोठे दिसतात ते याच गळतीमुळे. पुरुषाच्या शरीरातून रोज जेमतेम १ मिलिग्रॅम लोह जातं, बायकांचं पाळीमुळे त्याहून जास्त. मांस-मासळीतलं लोह वेगळ्या वाटेने शिरतं आणि जास्त शोषलं जातं.

क जीवनसत्त्व लोहाला विरघळणाऱ्या रूपात आणतं. म्हणून ताटात वाढलेली लिंबाची फोड शोभेची समजू नका, पिळा. पण ती पिळायची ताटात, कढईत नव्हे. उकळीत क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. पेरूच्या चार फोडी किंवा आवळ्याचा तुकडा त्याच जेवणात घेतला तर आणखी चांगलं. चार तासांनी खाल्लेल्या पेरूचा दुपारच्या लोहाला उपयोग नाही.

उलट बाजूला चहा-कॉफी. त्यांतले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात. पोह्यांवर लिंबू पिळायचं आणि लगेच वर कपभर चहा घ्यायचा, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. चहा जेवणाआधी किंवा नंतर किमान एक तास लांब ठेवा. चहा सोडा असं सांगून कुणी सोडत नाही. वेळ बदलायला मात्र बहुतेक जण तयार होतात.

धान्यांच्या कोंड्यात आणि कडधान्यांत फायटेट नावाचा घटक असतो. तोही लोह आणि जस्त अडकवतो. तो कमी करायला:

- मटकी किंवा मूग ८ ते १० तास भिजवा, पाणी टाकून द्या, ओल्या फडक्यात १२ ते २४ तास बांधा. मोड साधारण सेंटिमीटरभर आले की पुरे. मोड येताना फायटेट मोडणारं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं.
- नाचणीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून सकाळी आंबील करा. इडली-आंबोळीच्या पिठालाही हाच फायदा मिळतो.
- चिंच, कोकम किंवा टोमॅटो घातलेली आमटी लोखंडी कढईत केली तर कढईतलं थोडं लोह उतरतं. झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर रंग काळपट आणि चव धातूची होते.

डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती शक्यतो उपाशीपोटी, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. दूध, चहा आणि कॅल्शियमची गोळी यांपासून दोन तास दूर. मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण कमी होईल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते परवडलं.

बाकीच्यांचं थोडक्यात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय शोषली जात नाहीत. गाजराच्या कोशिंबिरीला चमचाभर तेलाची फोडणी किंवा दाण्याचं कूट पुरतं. पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट या घटकात अडकलेलं असतं, त्यासाठी दूध, दही आणि नाचणी बरी. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. बी-१२ला जठरात तयार होणारं एक प्रथिन सोबतीला लागतं. शाकाहारी लोकांना बी-१२ मुळात कमी मिळतं. वर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषणही घटतं, तेव्हा बी-१२ची तपासणी करून घ्यावी.

उरलेल्याचं काय होतं

दिवसभरात प्यायलेलं पाणी आणि पाचकरस मिळून आतड्यात ८-९ लिटर द्रव येतो. लहान आतडं त्यातला बहुतेक परत घेतं. मोठ्या आतड्यात लिटर-दीड लिटर पोचतो आणि शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर जातो. शौचात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. उरलेल्यात न पचलेले तंतू आणि मोठा वाटा जिवाणूंचा. मळ मोठ्या आतड्यात जितका रेंगाळेल तितकं पाणी शोषलं जातं आणि तो खडा होतो. शौचाची हाक आली असताना रोखून धरणाऱ्यांचं असंच होतं.

आपला वेग पाहायचा असेल तर आठवडाभर मका टाळा, मग मूठभर उकडलेले मक्याचे दाणे फारसे न चावता खा आणि वेळ लिहून ठेवा. मक्याची साल आपल्याला पचत नाही, त्यामुळे दाणे शौचात ओळखू येतात. एक ते दोन दिवसांत दिसले तर ठीक, तीन दिवस उलटले तर वेग मंद. बाकी रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे हा हट्ट सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळं सामान्य. मळ मऊ असावा आणि कुंथावं लागू नये.

तंतू दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हवेत. एकदम वाढवले तर पोट फुगतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा: मैद्याऐवजी भाकरी, एक वाटी उसळ, सालीसकट फळ. इसबगोल घेत असाल तर दोन चमचे भुसा मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि वर आणखी पाणी घ्या. कोरडा किंवा घोटभर पाण्यात घेतलेला इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. सोनामुखी असलेली चूर्णं चार दिवसांसाठी ठीक. महिनोन्‌महिने रोज घेणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जेवल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं आणि सकाळी हा जोर जास्त असतो. म्हणून न्याहारीनंतर २०-३० मिनिटांनी बसा. कमोड असेल तर पायाखाली १५-२० सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवा आणि किंचित पुढे झुका. गुदमार्गाला वळसा घालून धरणारा स्नायू उकिडवं बसल्यावर सैल होतो आणि वाट सरळ होते. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल घेऊन अर्धा तास बसण्याने मूळव्याधीला निमंत्रण मिळतं.

बीट खाल्ल्यावर शौच लालसर आणि लोहाच्या गोळीने काळपट-हिरवं होतं, त्याची चिंता नको. मात्र डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं शौच म्हणजे वरच्या भागात रक्तस्राव असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालयात जा. तेलकट, तरंगणारं, पाणी ओतूनही न जाणारं शौच स्निग्ध शोषलं जात नसल्याचं लक्षण आहे. पांढुरकं असेल तर पित्त आतड्यात पोचत नाहीये. रक्त पडणं, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा चाळिशीनंतर अचानक बदललेली सवय यांत घरगुती उपाय करत बसू नका. हिमोग्लोबिन सगळं पाळूनही वाढत नसेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) आणि शौचाची तपासणी मागा. हुकवर्म जंत आतड्यातून रक्त पीत असतील तर लिंबाची फोड काही करू शकत नाही, आधी जंताचं औषध लागतं.