परदेशी गेलेल्या स्वयंसेवकाला टपाल कसं पाठवावं

पत्ता एकदा विचारून भागत नाही. प्रशिक्षण चालू असताना एक पत्ता असतो, कामाच्या गावी गेल्यावर दुसरा. अमेरिकेच्या पीस कॉर्प्समध्ये (स्वयंसेवक परदेशी पाठवणारी सरकारी संस्था) पहिले साधारण ३ महिने प्रशिक्षणात जातात, पुढची २ वर्षं नेमणुकीच्या ठिकाणी. त्या तीन महिन्यांच्या शेवटी टाकलेलं पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहू शकतं. म्हणून ‘आज टाकलं तर कुठं टाकू?’ हे दर वेळी विचारा. गावात टपाल घरपोच येत नसेल तर पोस्ट बॉक्स किंवा संस्थेचं कार्यालय गाठावं लागतं.

पत्ता त्यांनी दिला तसाच उतरवून घ्या, ओळींची उलटापालट नको. देशाचं नाव सगळ्यात खाली, एकटं, ठळक अक्षरांत. बॉलपेननं लिहा, शाई भिजली की पसरते.

आता खरी गोष्ट: प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक घाला. टपाल उशिरा येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते क्रमानंही येत नाही. माझी बहीण अशीच दोन वर्षं बाहेर होती. तिला माझं सातवं पत्र आधी मिळालं. त्यात होतं, ‘आईचं प्लॅस्टर निघालं.’ हात मोडल्याची बातमी पाचव्या पत्रात होती आणि ते आलं १९ दिवसांनी! पाचवं आणि सहावं पत्र अजून वाटेत आहे, एवढं तरी तिला क्रमांकावरून कळलं. तेव्हापासून मी एका वहीत क्रमांक, तारीख आणि मजकुराचे दोन शब्द टिपून ठेवते. तातडीचं काही असेल तर फोन करा; पत्रात ते नकोच. ‘लगेच कळव’ हेही नको. महिन्यानं वाचलं तरी शिळं होणार नाही असं लिहा, अगदी किरकोळ असलं तरी चालेल.

फोटो पाठवताना मध्ये कोरा कागद घाला, दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात.

वस्तूही पाठवता येतात. छोट्या पाकिटावर बहुधा सीमाशुल्काचा सीएन २२ फॉर्म (आत काय आहे ते लिहायचा) लागतो, मोठ्या पार्सलला सीएन २३. नुसतं ‘भेटवस्तू’ लिहू नका. ‘सुती मोजे, ३ जोड’ असं लिहा आणि किंमत खरी टाका. शुल्क लागलं तर ते बहुधा घेणाऱ्यालाच भरावं लागतं, आणि स्वयंसेवकाचा भत्ता बेताचाच असतो. पॉवर बँक, अत्तर, स्प्रे आणि रोख पैसे टाळा. पार्सल पोहोचलं नाही तर परत हवं की सोडून द्यायचं, तेही पार्सलच्या फॉर्मवर विचारलेलं असतं. परतीचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, तेव्हा विचार करून खूण करा.

पावतीवरचा, पार्सलचा माग काढायचा १३ अक्षर-अंकांचा क्रमांक स्वयंसेवकाला फोनवर कळवा. पार्सल सोडवायला त्यांना ओळखपत्र दाखवावं लागू शकतं, म्हणून वर नाव पासपोर्टवर आहे तेच घाला. लाडाचं नाव आतल्या चिठ्ठीत.