दगडांची रांग खरंच सूर्योदयाकडे आहे का? दावा असा तपासा

‘हे दगडी वर्तुळ म्हणजे वेधशाळा होती’ असं कुणी म्हटलं की नेमकी कुठली रेषा ते आधी कागदावर लिहून घ्या, मग मोजा. उलट केलंत तर काहीतरी जुळणारच. १० दगडांच्या ४५ जोड्या. प्रत्येकीकडे दोन्ही टोकांनी बघता येतं, म्हणजे ९० दिशा. आकाशातली लक्ष्यं १४ : अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) आणि विषुवदिन (दिवस-रात्र समान) यांचे ६ उदयास्तबिंदू आणि चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्रातले टोकाचे ८. ±२ अंश चालवून घेतले की ती ३६० पैकी ५६ अंश अडवतात. म्हणजे १४ दिशा निव्वळ योगायोगानं बसल्या! आणि ±२ काही फार सैल नाही. एकमेकांपासून ३० मीटरवर असलेल्या, प्रत्येकी मीटरभर रुंद अशा दोन दगडांमध्ये कडा बदलली तरी दिशा तेवढी हलते.

मोजणीला नुसतं होकायंत्र नको. चुंबकीय उत्तर वेगळी असते, शिवाय लोहयुक्त दगडाजवळ सुई बहकते. थिओडोलाइट (कोन मोजणारी दुर्बीण) सूर्यावर (फिल्टर लावूनच) धरा, वेळ सेकंदापर्यंत टिपा आणि खगोलीय पंचांगावरून काढलेल्या सूर्याच्या दिगंशावरून (उत्तरेपासून मोजलेल्या दिशाकोनावरून) खरी उत्तर काढा. रेषेच्या टोकाला क्षितिज किती उंच आहे तेही मोजा. हे हमखास राहतं. त्यातून वक्रीभवनाचा (हवेत प्रकाश वाकण्याचा) साधारण अर्धा अंश वजा करा.

मग क्रांती (आकाशीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) काढा; उन्नतांश म्हणजे क्षितिजाची ती दुरुस्त उंची : साइन क्रांती = साइन अक्षांश × साइन उन्नतांश + कोसाइन अक्षांश × कोसाइन उन्नतांश × कोसाइन दिगंश.

अक्षांश ५१.२, दिगंश ५०, दुरुस्त उन्नतांश ० घेतला तर क्रांती सुमारे २३.८ अंश येते. तुलना आजच्या २३.४ शी करू नका, इ.स.पू. २५०० च्या सुमारास सूर्याची कमाल क्रांती २४ च्या आसपास होती. उगवतीची पहिली कड धरायची की पूर्ण बिंब, हेही आधीच ठरवा. या अक्षांशावर तेवढ्यानं दिगंश जवळपास अंशभर सरकतो.

दगड मूळ जागी आहेत ना, हे उत्खननाच्या अहवालात बघा. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या दगडी वर्तुळातले काही दगड १९०१ मध्ये आणि १९५८ मध्ये सरळ किंवा पुन्हा उभे केलेले आहेत.

दिशा जुळली तरी वापर कळला असं होत नाही. आयर्लंडच्या न्यूग्रेंज या प्रागैतिहासिक थडग्यामध्ये हिवाळी अयनदिनाच्या आसपास सूर्योदयाचं ऊन दारावरच्या झरोक्यातून आतल्या दालनापर्यंत पोचतं; त्याच दालनात जळालेली मानवी हाडं सापडली. स्टोनहेंजचे ५६ ऑब्री खड्डे (वर्तुळात खणलेले खड्डे) हे ग्रहणगणक, म्हणजे ग्रहणांचं भाकीत करण्याचं साधन, असं खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी १९६० च्या दशकात मांडलं. त्यांतल्या अनेक खड्ड्यांतूनही दहनानंतरच्या अस्थीच निघाल्या आहेत.