‘बजावणे’ कसं वाचावं: नोटीस, समन्स, वॉरंट आणि हुकूमनामा

‘उच्च न्यायालयाने सरकारला नोटीस बजावली’ अशी बातमी येते, तेव्हा बहुतेक वेळा ती नोटीस बजावलेली नसते. न्यायालयाने ती काढलेली असते, एवढंच. नोटीस काढणं, पाठवणं, पोहोचणं आणि कायद्याच्या दृष्टीने बजावली जाणं हे चार वेगळे टप्पे आहेत. वर्तमानपत्राने ते एकात कोंबले तर फारसं बिघडत नाही. पण तुमच्या हातात समन्स असेल, तर मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची हे याच फरकावर ठरतं.

शब्दाचं मूळ पाहिलं तरी हेच दिसतं. फारसीत ‘जा’ म्हणजे जागा आणि ‘बजा’ म्हणजे जागेवर. ‘बजा आवर्दन’ म्हणजे जागेवर आणणं, अर्थात हुकूम तडीस नेणं. उर्दूत ‘हुक्म बजा लाना’ अजूनही म्हणतात, आणि हिंदीतलं ‘के बजाय’ याच ‘बजा’चं. मराठीने त्याचं थेट क्रियापदच करून टाकलं. हिंदीतलं ‘बजाना’ मात्र वेगळं. ते संस्कृत ‘वाद्’वरून आलं, आणि आपल्याकडे त्याचं ‘वाजवणे’ झालं. ‘अंमलबजावणी’त अरबी ‘अमल’ पुढे जोडला गेला. म्हणजे मुळात हे काम पुरं करण्याचं क्रियापद आहे. नोटिशीवर न्यायाधीशांची सही होते तेव्हा काम पुरं झालेलं नसतं, सुरू झालेलं असतं.

आधी प्रत्यय पाहा

कागदात हा शब्द दिसला की त्याच्या मागचा प्रत्यय आणि कर्म तपासा. अर्थ बहुधा तिथेच सुटतो.

‘मी त्याला बजावलं की बांध कोरू नकोस’ – इथे कुठलाही कागद नाही. ही तोंडी ताकीद. पोलीस जबाबात असं वाक्य असलं म्हणून कायदेशीर नोटीस दिली असं होत नाही. जिथे कायदा लेखी नोटीस मागतो, तिथे या बजावण्याचा उपयोग नाही.

‘प्रतिवादीवर समन्स बजावलं’ किंवा ‘प्रतिवादीस समन्स बजावलं’ – इथे कर्म म्हणून कागद आहे. हा तो कागद रीतीप्रमाणे सुपूर्द केल्याचा अर्थ. नुसत्या ‘-ला’, ‘-स’वरून ताकीद समजू नका; सोबत कागद आहे का ते बघा.

‘वॉरंट बजावलं’ यात कागद हाती देणं गौण आहे. अटक करणारा अधिकारी वॉरंटातला मजकूर सांगतो, मागितलं तर दाखवतो, आणि माणूस ताब्यात घेतो. तेव्हाच ते बजावलं जातं. तोवर, किंवा न्यायालय रद्द करेपर्यंत, वॉरंट जिवंत राहतं. वर्ष उलटलं म्हणून ते आपोआप संपत नाही.

‘हुकूमनाम्याची बजावणी’ म्हणजे निकालात जे मिळालं ते प्रत्यक्ष वसूल करणं. याबद्दल शेवटी. ‘कर्तव्य बजावलं’, ‘मतदानाचा हक्क बजावला’ यांत गोंधळाला जागाच नाही.

समन्स खरोखर बजावलं गेलं का, हे कसं तपासायचं

दिवाणी दाव्यात प्रतिवादीने कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. न्यायालय कारणं नोंदवून ती मुदत 90 दिवसांपर्यंत नेऊ शकतं. व्यापारी दाव्यात 120 दिवस ही शेवटची भिंत. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. म्हणून बेलिफाचा, म्हणजे समन्स पोहोचवणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याचा, अहवाल ओळीओळीने वाचावा. त्यात असं काही असतं:

‘प्रतिवादी क्र. 2 घरी मिळून आले नाहीत. त्यांचे सोबत राहणाऱ्या त्यांच्या पत्नीस नक्कल देऊन मूळ समन्सवर सही घेतली.’

वरवर ठीक दिसतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 नियम 15 प्रमाणे घरच्यांकडे समन्स देण्याआधी तीन गोष्टी असाव्या लागतात. प्रतिवादी घरी नव्हता, वाजवी वेळात तो घरी सापडण्याची शक्यता नव्हती, आणि समन्स घेण्याचा अधिकार असलेला त्याचा मुखत्यार नव्हता. वरच्या अहवालात पहिलीच गोष्ट आहे. बेलिफ किती वाजता गेला, पुन्हा गेला का, पत्नीने तो कधी येईल म्हणून सांगितलं, यातलं काहीच नाही. हरकत घ्यायची तर इथे घ्यावी.

घरचा माणूस प्रौढ हवा आणि सोबत राहणारा हवा. स्त्री की पुरुष याने फरक पडत नाही. घरगडी किंवा मोलकरीण चालत नाही, नियमाखालच्या स्पष्टीकरणात ते साफ लिहिलं आहे. गंमत म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 106 ची नोटीस नोकराच्या हाती दिलेली चालते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 खाली थकीत भाड्यासाठी दाव्याआधी 90 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि ती याच कलम 106 च्या पद्धतीने बजावायची असते. तेव्हा ‘मोलकरणीने घेतली, म्हणून बजावली नाही’ हा बचाव समन्साला चालेल, घरमालकाच्या नोटिशीला चालणार नाही.

प्रतिवादीने नकार दिला, किंवा पुरेसे प्रयत्न करूनही तो सापडला नाही, तर नक्कल दारावर डकवतात. अशा अहवालात दोन गोष्टी शोधा: घर कोणी दाखवलं आणि कोणासमोर डकवलं. त्यांची नावं आणि पत्ते नसतील तर अहवाल लंगडा. बेलिफाने अहवालासोबत प्रतिज्ञापत्र केलं नसेल, तर न्यायालयाने त्याला शपथेवर विचारलंच पाहिजे.

तरीही एक सावधगिरी. बजावणीत नुसती तांत्रिक चूक आहे म्हणून एकतर्फी (प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेला) हुकूमनामा रद्द होत नाही. तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असं दिसलं, तर आदेश 9 नियम 13 चं परंतुक (नियमाला जोडलेली अट) आडवं येतं. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर रद्द करण्याच्या अर्जाची 30 दिवसांची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून नव्हे, तो तुम्हाला कळला त्या दिवसापासून मोजतात. तो दिवस कुठला हे सिद्ध करायचं ओझं मात्र तुमच्यावर. नक्कल अर्जाची पावती, ई-कोर्ट्सचा तारखेसह स्क्रीनशॉट, असं काहीतरी हाताशी ठेवा.

तुम्ही पाठवणारे असाल तर

टपालाने पाठवलेली नोटीस बजावली गेली असं गृहीत धरलं जातं, पण त्यासाठी सर्वसाधारण कलमे अधिनियम, 1897 चं कलम 27 तीन गोष्टी मागतं: पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला, आणि टपाल नोंदणीचं. रजिस्टर टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा काउंटरवर नोंदणी आणि पोहोच या दोन्ही सोयी नाव घेऊन मागा. साध्या स्पीड पोस्टची पावती दाखवून पुढे वाद घालत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

गडबड बहुतेक पत्त्यात होते. फ्लॅट नंबर गळतो, इमारतीचं जुनं नाव पडतं, पिनकोड शेजारच्या टपाल कार्यालयाचा असतो. ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला तर चांगलंच, नकार म्हणजे बजावणी. ‘घर बंद, सूचना दिली’ हेही पत्ता बरोबर असेल तर बहुधा चालतं. पण ‘पत्ता अपूर्ण’ किंवा ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा आला, तर पाकीट न फोडता ठेवा आणि दुसऱ्या पत्त्यावर लगेच नव्याने पाठवा.

चेक न वटल्याच्या प्रकरणात हे घाईने करावं लागतं. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्यात तक्रार. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात स्पष्ट केलं की नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याने न्यायालयाचं समन्स मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे भरावेत. ते न करता नोटिशीचं रडगाणं चालणार नाही.

व्हॉट्सॲपबद्दल सगळे विचारतात. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या बजावणीसाठीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ पोहोचली आणि उघडलीही गेली हे खुणांवरून पाहून नोटीस बजावल्याचं मान्य केलं. उलट पोलिसांनी चौकशीला बोलावण्यासाठी द्यायची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. तेव्हा व्हॉट्सॲप हे जादा साधन म्हणून वापरा, एकमेव म्हणून नको.

हुकूमनाम्याची बजावणी

दावा जिंकला की काम संपलं असं समजणारे पुष्कळ. हुकूमनामा आपोआप बजावला जात नाही, त्यासाठी वेगळी दरखास्त लागते. मुदत 12 वर्षांची, हुकूमनामा अंमलात आणता येण्याजोगा झाल्यापासून. पाडकाम करा, वाट मोकळी करा असा काही करायला लावणारा हुकूम (कायद्याच्या भाषेत आज्ञार्थक मनाई) असेल तर फक्त 3 वर्षं. ‘कधीही अडथळा करू नये’ अशा कायमच्या मनाईला मुदतीचं बंधन नाही. हुकूमनाम्याला 2 वर्षं उलटल्यावर दरखास्त दिली, तर आधी ऋणकोला (ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्याला) नोटीस निघते, आणि ती बजावली जाईपर्यंत पुढचं सगळं थांबतं. एका बजावणीच्या पोटात दुसरी बजावणी.

दरखास्तीच्या शेवटच्या रकान्यात ‘हुकूमनाम्याची बजावणी व्हावी’ एवढंच लिहिलेलं फार वेळा दिसतं. ते पुरत नाही. न्यायालयाची मदत कोणत्या रीतीने हवी ते लिहावं लागतं: ताबा, जप्ती, जप्ती करून लिलाव, ऋणकोची दिवाणी कैद, की रिसीव्हर (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेला माणूस). स्थावर मालमत्तेची जप्ती मागितली, तर तिच्या चतुःसीमा किंवा गट नंबर आणि ऋणकोचा त्यातला हिस्सा जोडा; ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढूनच अर्ज भरा.