एअर रायफलवरचा विश्वास उडालाय? दुसरी घ्यायच्या आधी एवढं करा

पोरीच्या रायफलीनं दोन वर्षांत तीनदा दगा दिला आणि तिन्ही वेळा दोष आधी पोरीलाच लागला. ट्रिगर ओढतीयेस, श्वास चुकतोय, अभ्यासाचं टेन्शन घेतलंयस... मी पण तेच म्हणत होतो, त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून कुणाची रायफल अशी बिघडायला लागली तर पहिलं काम म्हणजे चूक नेमबाजाची का रायफलीची हे पक्कं करा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि पॅलेट, म्हणजे छर्रा, अडीच मिलिमीटर सरकलं की एक अख्खा पॉइंट गेला, तेवढा फरक डोळ्याला कळत पण नाही.

रायफल कोचच्या मदतीनं वाईसमध्ये, म्हणजे आवळून धरणाऱ्या शिकंज्यात धरा, नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवा आणि एकाच डब्यातली पॅलेट घेऊन पाच-पाचचे पाच ग्रुप मारा, म्हणजे दर वेळी एकाच जागी नेम धरून पाच शॉट. मग डबा बदलून परत तेच करा, कारण बऱ्याचदा दोष पॅलेटच्या बॅचचा असतो. चांगली मॅच रायफल पाचही पॅलेट जवळजवळ एकाच भोकातनं काढते. भोक उभं लांबट व्हायला लागलं तर वेग कमीजास्त होतोय असं समजा आणि कुणाकडं क्रोनोग्राफ, म्हणजे पॅलेटचा वेग मोजायचं यंत्र असेल तर दहा शॉटचे वेग लिहून घ्या.

आता गळती. आमचा सगळा घोळ इथंच होता. रायफलीला जोडलेला दाबाच्या हवेचा सिलिंडर २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरल्यावर तापलेला असतो, थंड झाला की काटा थोडा खाली येतोच, ती गळती नव्हे. तासाभरानं आकडा लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बघा. उतरत असेल तर पुढच्या वेळी सिलिंडर रायफलीवरनं काढून रात्रभर वेगळा ठेवा. वेगळा ठेवल्यावर टिकला आणि जोडल्यावर उतरला तर गळती रायफलीत आहे, सिलिंडरात नाही. आमचा जोडल्यावर तीन दिवसांत २०० वरनं १३० वर यायचा. सिलिंडरवरची तारीख पण बघा, दहा वर्षं झालेला वापरायचाच नाही. आणि कितीही राग आला तरी रायफल घरी खोलू नका, एवढ्या दाबाची हवा जीवावर बेतू शकते आणि वॉरंटी जाते ती वेगळीच.

हे सगळं तारखेसकट वहीत लिहा. आम्ही पहिल्यांदा विक्रेत्याला नुसता फोन केला, तिकडनं उत्तर आलं की सांगलीची हवा दमट आहे म्हणून होतंय, आणि आम्ही मान डोलावली. दुसऱ्या वेळी सिलिंडर रिकामा करून रायफल पाठवली, अकरा आठवड्यांनी परत आली, "सर्व्हिस केली" एवढंच लिहून. कुठलं सील बदललं, हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर बघितला का, काही नाही. माझा विश्वास उडाला तो तिथं, गळतीमुळं नाही. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, कुणाचीही जाते हो, पण काय केलं ते न सांगणाऱ्याकडं पोरीचं वर्ष कसं सोपवायचं? तर तुम्ही बदललेल्या भागांची यादी आणि जुने भाग लेखी मागा, ईमेलवरच मागा. बिलावर सिरीयल नंबर आहे ना तेही तपासा.

तरी दाद देत नसतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठल्याही शहरातला असला तरी २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच दावा लावता येतो, मुदत दोन वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. खेळासाठी घेतलेली आहे, धंद्यासाठी नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा.

आणि नवीन ब्रँड बघताना दुकानदाराला ग्रुप किती येतो ते मागनं विचारा, आधी सील कुठं मिळतात, दुरुस्ती कोण करतो आणि तोपर्यंत मुलगी कशानं खेळणार ते विचारा. कोल्हापूरच्या नेमबाजीच्या रेंजवर तोच ब्रँड चार-पाच वर्षं वापरणाऱ्यांना गाठा. जुनी विकताना वही घेणाऱ्याच्या हातात द्या. आम्ही दिली, पैसे कमी आले, पण तोही कुणाच्या तरी पोरासाठीच घेत होता.